पानपंखाचं लेबल

सन्माननीय अध्यक्ष महोदय, मंचावर उपस्थित असलेल्या विश्वस्त मंडळाच्या सन्माननीय सदस्या, आज ज्यांना निरोप देण्यासाठी आपण जमलो आहोत ते आपले संचालक सर, सरांच्या पत्नी म्हणजे आपल्या सगळ्यांच्या वहिनी, संग्रहालयाच्या सर्व विभागांतले सहकारी, आणि खुर्च्या कमी पडल्यामुळे मागच्या भिंतीला टेकून उभी राहिलेली मंडळी, आपणा सर्वांना माझा नमस्कार.

निवेदिकाबाईंनी माझी ओळख 'आपल्या सर्वांत जुन्या कर्मचारी' अशी करून दिली. त्यात खोटं काही नाही. नव्या लोकांसाठी थोडी भर घालते. मी तळमजल्यावरच्या कीटक विभागात तेहेतीस वर्षं फुलपाखरं मांडते. मांडते म्हणजे काय? तर बाहेरून कागदात गुंडाळून आलेलं वाळलेलं फुलपाखरू ओलाव्याच्या डब्यात ठेवून मऊ करायचं, छातीतून टाचणी घालायची, फळीवर पंख उघडायचे, कागदाच्या पट्ट्यांनी दाबून ठेवायचे, आणि वाळलं की खाली लेबल टोचायचं. आज सरांबरोबर मीही निवृत्त होते आहे. वेगळा समारंभ नको, एकातच उरकून घ्या, अशी माझी इच्छा असल्याचं पत्रिकेत छापलं आहे. मी तसं म्हटल्याचं मला आठवत नाही. पण छापलंय म्हणजे म्हटलं असणार.

कार्यालयानं मला वाचायला एक टाइप केलेला कागदही दिला आहे. मेहनतीनं लिहिलाय. त्यात सर दोनदा वटवृक्ष आहेत आणि एकदा दीपस्तंभ. तो मी इथं ठेवते, ज्यांना हवा त्यांनी सवडीनं वाचावा. मला सात मिनिटं दिली आहेत आणि त्या सात मिनिटांत मी एका फुलपाखराविषयी बोलणार आहे. मला दुसरं काही येत नाही.

सरांच्या पाठीमागं हा जो मोठा फलक लावलाय, त्यावरचं हे फुलपाखरू. सर त्याला शास्त्रीय नावानं ओळखतात, आम्ही तळमजल्यावर त्याला पानपंख म्हणतो. आणि टेबलावर त्या निळ्या कापडाखाली जी काचेची पेटी आहे, तिच्यातही पानपंखच आहे. थोड्या वेळानं अध्यक्ष महोदय कापड बाजूला करतील, पेटी सरांच्या हातात देतील, आपण टाळ्या वाजवू, फोटो निघतील, आणि सर ती घरी नेऊन दिवाणखान्यात लावतील. पेटी मीच तयार केली. तेव्हा आत कोण आहे हे सांगणं माझंच काम, नाही का?

फलकावर दिसतंय ते त्याचं वरचं अंग. दौतीतल्या शाईसारखा गडद निळा रंग आणि वरच्या पंखांवर तिरका नारिंगी पट्टा. जिवंत पानपंखाचं हे रूप माणसाला दोन सेकंद दिसतं. निळा झपाटा येतो आणि एकदम काहीच नाही. तो कुठं गेला? तर समोरच आहे. बुंध्यावर डोकं खाली करून, पंख मिटून बसलाय, आणि आता ते फक्त एक वाळकं पान आहे. पानाची मधली शीर आहे, तिला फुटलेले बारीक फाटे आहेत, बुरशीचे काळे ठिपके आहेत, किडीनं पाडलेलं भोक वाटावं असा एक आरपार डागसुद्धा आहे. मागच्या पंखाची शेपटी बुंध्याला अशी टेकलेली असते की देठच वाटावा. ओल्या दिवसांत अंगावर जराशी लाली, कोरड्या दिवसांत नुसता मातकट. पक्षी त्याच्यावरून नजर फिरवून निघून जातात.

आणि तो फुलांवर जात नाही. हे जरा लक्षात ठेवा. झाडाच्या जखमेतून झिरपणारा चीक, पिकून फुटलेली आंबूस फळं, ओढ्याकाठचा चिखल, यावर त्याचा गुजारा. मादी अंडी घालते तीसुद्धा अळ्यांना खायच्या झुडपावर नाही, त्याच्या वर पसरलेल्या झाडाच्या फांदीवर. अळ्या खाली पडतात आणि आपलं झुडूप आपण शोधतात. नर दुपारी ओढ्यावरच्या एका पानावर ठाण मांडून बसतो, दुसरा नर दिसला की अंगावर धावून जातो, हुसकावतो आणि परत त्याच पानावर येतो. असा हा भांडकुदळ प्राणी, पण लपायचं ठरवलं की बोट लागेपर्यंत हलत नाही.

हे सगळं मी अगदी डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगते आहे. यातलं काहीही मी पाहिलेलं नाही. मी हातात घेतले ते सगळे मेलेले पानपंख. जिवंत पानपंख मला माहीत आहे तो माझ्या थोरल्या भावाच्या तोंडून.

दादा जंगलखात्यात पहारेकरी होता. बावीस वर्षं एकाच दरीत. ती दरी इथून अकरा तासांच्या बसवर. दहा-दहा महिन्यांनी तो आला की माझ्या फळीशेजारी स्टूल ओढून बसायचा आणि मी पंख उघडायला लागले की तोंड वाकडं करायचा. "अगं, असा तो कधीच बसत नाही. तू याला उताणा केल्यासारखा दिसतोय." मी म्हणायची, दादा, नियम आहे. वरच्या पंखाची खालची कड अंगाशी काटकोनात. जगातल्या सगळ्या संग्रहालयांत असंच लावतात. तो म्हणायचा, "मग जगातल्या सगळ्यांना तो कसा दिसतो ते माहीत नाही."

तेव्हा मी हसले होते.

आता नऊ वर्षांपूर्वीचं सांगते. दादाची दरी एका दगडखाणीला हवी होती. परवानगी देण्याआधी तिथं दुर्मीळ असं काही नाही ना, हे तपासायचं काम आपल्या संग्रहालयाकडं आलं. दादानं लेखी कळवलं की दरीत पानपंख आहे आणि बारा महिने आहे. सरांचं मत वेगळं होतं. पानपंख उंच डोंगरमाथ्यावरच्या गार जंगलातच राहतो, सखल उष्ण दरीत तो असू शकत नाही, असं सरांनी आपल्या पुस्तकात लिहिलं होतं. त्याच पुस्तकावर सर संचालक झाले. सर, मी हे कौतुकानंच म्हणते आहे. जाड पुस्तक आहे.

तीन संशोधन सहायक दहा दिवसांसाठी गेले. त्यांच्याजवळ ओळख पटवायला एक तक्ता होता. तक्त्यावरचे फोटो मी मांडलेल्या पानपंखांचे. निळा रंग, नारिंगी पट्टा, पंख उघडे, काटकोनात. बिचाऱ्यांनी दहा दिवस सकाळी अकरा ते एक, जाळी हातात घेऊन, फुललेल्या झुडपांवर निळं काहीतरी शोधलं. दादा त्यांना रोज सांगत होता, साहेब, फुलांवर नाही, चिकावर बघा, बुंध्यावर बघा. पहारेकऱ्याचं कोण ऐकतो?

त्यातला एक सहायक दुपारी डबा खायला एका झाडाला पाठ टेकून बसला. दादानं मला फोनवर सांगितलं, आणि सांगताना तो इतका हसत होता की वाक्य पुरं होईना. "त्याच्या टोपीच्या वर वीतभर अंतरावर चार बसले होते गं! मी म्हटलं, साहेब, मागं बघा. त्यानं बघितलं. म्हणतो, वाळकी पानं आहेत. मी फुंकर मारली, चारही गेले. तोवर हा पुन्हा डब्यात! वर बघून म्हणतो काय, वारा सुटलाय जरा."

मीही पोट धरून हसले. तो तक्ता कुणाच्या हातचा होता, हे तेव्हा माझ्या डोक्यातही आलं नाही. आम्ही दोघं भाऊबहीण एवढे मनमोकळे हसलो ते तेव्हा शेवटचं.

अहवालाचा मसुदा तयार झाला. दादाला तो वाचायला मिळाला, कारण त्यात त्याच्याविषयी एक वाक्य होतं. 'स्थानिक पहारेकऱ्यानं दिलेली माहिती तपासाअंती निराधार आढळली.' बावीस वर्षं ज्यानं त्या दरीतलं पान न् पान ओळखलं, तो निराधार.

मसुदा पक्का व्हायला पंधरा दिवस होते. दादानं आयुष्यात एक फुलपाखरू मारलं, ते तेव्हा. चिमटीत छाती दाबायची, पंखांना धक्का लावायचा नाही, हे माझ्याकडं बघून बघून त्याला येत होतं. एका चौकोनी कागदाची त्रिकोणी पुडी केली, आम्ही करतो तशीच, त्यात तो ठेवला. पुडीवर पेन्सिलीनं लिहिलं: दरीचं नाव, तारीख, वेळ, ओढ्यापासून कितवं झाड, आणि पकडणाऱ्याचं नाव. मग अकरा तास ती पुडी पोटाशी धरून बसमधून आला. माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "घे. आता तरी बघतील."

मी त्याला कँटीनमध्ये बसवलं. जेवलासुद्धा नाही, चहा घेतला. दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचं म्हणून परतीच्या बसनं गेला. त्याला वाटलं, काम झालं. बहीणच आहे ना तिथं.

नमुना उत्तम होता. डाव्या मागच्या पंखाला एक बारीक खाच होती, सरड्याचा चावा असावा, बाकी कोरा करकरीत. मी मऊ केला, मांडला. चार दिवसांनी, वाळल्यावर, सरांना बोलावलं. सरांनी भिंगातून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सर, तुम्हाला आठवत असेल, तुम्ही स्टूलवर बसलात, जे तुम्ही कधी करत नाही. मला वाटलं, आता सर म्हणतील, चुकलो. मी मनातल्या मनात दादाला फोन लावलासुद्धा.

सर म्हणाले, "छान मांडलायस. मी सांगतो ते लिही." आणि सांगितलं: 'जुना संग्रह. स्थळ अज्ञात.'

आणि मी लिहिलं.

अध्यक्ष महोदय, मी घाबरले होते, नोकरी जाईल असं वाटलं, असं मी सांगितलं तर सभागृहाला माझी दया येईल. म्हणून ते सांगत नाही. मी घाबरले नव्हते. नोकरी कायम होती, सरांनी आवाजही चढवला नाही. मला सवय होती. लेबलावर काय जायचं हे वरून येतं आणि खाली आपण बारीक निबनं नीट अक्षरात लिहितो, ही चोवीस वर्षांची सवय. हातानं लिहून टाकलं. शाई वाळली तेव्हा मला कळलं की हे मी काय केलं, आणि कळल्यावरही मी मूग गिळून गप्प बसले.

अजून एक सवय सांगते, आमच्या धंद्यातल्यांना लगेच कळेल. लेबल टोचलं की पुडीचा कागद टाकून द्यायचा. टेबल स्वच्छ राहिलं पाहिजे. त्या संध्याकाळी टेबल आवरताना मी दादाच्या अक्षरातली ती पुडी चुरगळून टोपलीत टाकली. रोज टाकते तशीच. सकाळी टोपली रिकामी झालेली होती. म्हणजे खोटं लिहायला मला सरांनी सांगितलं, पण पुरावा मी कुणीही न सांगता नष्ट केला.

अहवाल पक्का झाला, वाक्य तसंच राहिलं. चुकीची माहिती दिल्याचा ठपका ठेवून दादाला जंगलातून काढून लाकडाच्या वखारीच्या फाटकावर बसवलं. ट्रक आला की दांडा वर, ट्रक गेला की दांडा खाली. दरी दोन वर्षांत फोडून झाली. आता तिथं ओढाही नाही. मी जाऊन पाहिलेलं नाही, पाहायचं धाडस नाही.

दादा त्यानंतर एकदाच इथं आला. खालच्या दालनात तो पानपंख आपण लोकांना बघायला ठेवला होता. पंखाच्या खाचेवरून त्यानं तो ओळखला. काचेला नाक लावून लेबल वाचलं आणि मला विचारलं, "हे अक्षर कुणाचं?" माझ्या अक्षराला वळण त्यानं लावलंय. पाटीवर माझा हात धरून गिरवून घेतलंय त्यानं. त्याला माहीत नव्हतं का, कुणाचं ते? मी म्हटलं, माझं. तो बरं म्हणाला आणि गेला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

निवेदिकाबाई एक चिठ्ठी देताहेत. 'कृपया आवरतं घ्या.' घेते. अक्षर सुरेख आहे तुमचं.

गेल्या आठवड्यात मुख्य लिपिक खाली आले आणि म्हणाले, सरांना भेट द्यायला खालच्या दालनातला पानपंख काढा. मी म्हटलं, तोच का? तर त्यांनी नियम दाखवला. ज्याचं स्थळ माहीत नाही असा नमुना संशोधनाला निरुपयोगी, म्हणून तो भेट देता येतो. बरोबर आहे, नियम तसाच आहे. मी लिहिलेल्या लेबलामुळं दादाचा पानपंख निरुपयोगी झाला, आणि निरुपयोगी झाला म्हणून तो आता ज्यांनी ते लेबल सांगितलं त्यांच्या दिवाणखान्यात जाणार. त्या दरीतला जगात उरलेला हा एकच आहे. तोही आज या इमारतीतून गेला, की माझा भाऊ कायमचा खोटा.

म्हणून मी येताना संग्रहातल्या नमुन्यांची ही नोंदवही वर आणली. सर, हे तुमच्यासमोर ठेवते. या पानपंखाची नोंद उघडून ठेवली आहे. खाली दुरुस्तीची एक ओळ मी लिहून ठेवलीय, दरीचं नाव, तारीख, आणि पकडणारा म्हणून माझ्या भावाचं नाव. दुरुस्तीला संचालकांची सही लागते. घड्याळात साडेपाच झालेत. सहापर्यंत तुम्ही संचालक आहात. पुस्तकातलं एक वाक्य चुकीचं ठरेल, बाकी पुस्तक राहील. दरी परत मागत नाही मी, ती कुणालाच देता येणार नाही. तुम्ही सही करा, एवढंच मागते.

सर म्हणताहेत, "ही वेळ नव्हे." मागच्यांना ऐकू आलं नसेल म्हणून सांगते. आणि वहिनी सरांकडं बघताहेत. वहिनी, तुम्हाला हे माहीत नव्हतं, हे तुमच्या चेहऱ्यावरून दिसतंय. आजच्या दिवशी तुम्हाला हे ऐकावं लागलं याचं मला वाईट वाटतं. सरांविषयी तसं वाटत नाही.

सरांनी वही मिटली. ठीक आहे. दुरुस्तीच्या ओळीखाली मी माझी सही केली आहे आणि लिहिलं आहे की आधीचं लेबल खोटं आहे हे माहीत असून ते मी माझ्या हातानं लिहिलं. मांडणीवालीच्या सहीनं नोंद बदलत नाही. पण वहीचं पान फाडायचं झालं तर पुढच्या संचालकांना ते सगळ्यांदेखत फाडावं लागेल, म्हणून सगळ्यांदेखत सांगून ठेवते.

आता आभार. ज्यांनी मला बोलायची संधी दिली ते अध्यक्ष महोदय, मघाशी ध्वनिक्षेपक बंद करायला निघालेले आणि मग न करता परत जागेवर बसलेले आमचे वीजतंत्री, आणि इतका वेळ शांत बसून ऐकलंत ते आपण सगळे, मी आपली मनापासून ऋणी आहे. वेळेचं भान सुटलं असेल, मोठ्या माणसांविषयी तोंडातून वेडंवाकडं गेलं असेल, तर ते मोठ्या मनानं पोटात घाला. लेबलाचं मात्र पोटात घालू नका. त्याची माफी एकच माणूस देऊ शकतो आणि तो आज आलेला नाही.

परवा मी त्याला फोन केला. लेबल वाचून गेला त्या दिवसानंतर पहिल्यांदा त्यानं उचलला. मी म्हटलं, दादा, मी सगळ्यांसमोर खरं सांगणार आहे, तू ये. तो म्हणाला, "सांग. सांगायलाच हवं. पण सांगितलं म्हणून मला कळवू नकोस. तुझ्या तोंडचं मी आता खरं धरत नाही."

म्हणून सभागृहाला माझी एक विनंती आहे. तुमच्यापैकी कुणी कधी त्या बाजूला गेलं, तर लाकडाच्या वखारीमागं शेवटचं घर त्याचं आहे. फाटकावर कुणालाही विचारा. त्याला एवढं सांगा की ती उभी राहिली आणि बोलली. तुमच्यावर त्याचा विश्वास बसेल.

नमस्कार.